सर्वो बसवायची सुरुवात शेपटीकडून

आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाचं किट उघडलं की पहिला हात सर्वोकडे, म्हणजे सिग्नलप्रमाणे फिरणाऱ्या छोट्या मोटरकडे, जातो. खाचा कापलेल्या असतात, सर्वो त्यात बसतात, स्क्रू पिळले की निम्मं काम झालं असं वाटतं. मग तार जाईल तशी मागे न्यायची, पोचेल तिथे हॉर्न (शेपटीच्या हलत्या पट्टीवरची, तार अडकवायची खुंटी) लावायचा आणि राहिलेला फरक ट्रान्समीटरच्या ट्रिमने, म्हणजे स्टिकचा मध्य थोडा सरकवणाऱ्या बटणाने, भरून काढायचा. असं विमान उडतं, पण एका रेषेत राहत नाही. ट्रिम दिली की दोन चकरा बरं चालतं, मग पुन्हा नाक खाली. दोष सर्वोला जातो, महागडा सर्वो येतो, आणि विमान होतं तसंच राहतं. स्टिकपासून एलिव्हेटरपर्यंतच्या (शेपटीच्या आडव्या हलत्या पट्टीपर्यंतच्या) साखळीत सर्वो बहुतेक वेळा चांगल्यापैकी अचूक असतो. ढिलाई असते हॉर्नच्या भोकात, वाकणाऱ्या तारेत आणि आर्मजवळच्या (सर्वोच्या शाफ्टवर बसणाऱ्या दांडीजवळच्या) झेड-बेंडमध्ये, म्हणजे तारेच्या Z आकाराच्या वळणात.

म्हणून हे काम उलट्या दिशेने करावं, असं माझं ठाम मत आहे. आधी बिजागऱ्या, मग हॉर्न, मग तार, मग आर्म, आणि सर्वोची जागा सगळ्यात शेवटी. तार जिथून सरळ जाते तिथे सर्वो बसवा. किटमधल्या खाचा तारेच्या रेषेत नसतील तर खाच हलवा. दोन तुकडे प्लाय आणि अर्धा तास, एवढाच खर्च येतो.

खालचे आकडे एका नेहमीच्या शिकाऊ विमानाचे आहेत: पंख वर, पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटर, वजन ९०० ग्रॅमच्या आसपास, बॅटरीवर चालणारं. सर्वो चार, प्रत्येकी ९ ग्रॅमचे: एलेरॉनला (पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांना) दोन, एलिव्हेटरला एक, रडरला (शेपटीच्या उभ्या हलत्या पट्टीला) एक. मोठ्या विमानाला आकडे बदलतील, क्रम तोच.

बिजागरी आणि हॉर्न

काहीही जोडण्याआधी शेपूट टेबलाच्या कडेबाहेर धरा आणि एलिव्हेटर सोडून द्या. तो स्वतःच्या वजनाने खाली लोंबला पाहिजे. मधेच थांबत असेल तर बिजागऱ्या एका रेषेत नाहीत, नाहीतर सीए गोंदाचा (फेविक्विकच्या जातीच्या झटपट गोंदाचा) थेंब सांध्यात उतरलाय. फोमच्या विमानात बिजागरी म्हणजे फोमचीच पातळ घडी असते आणि ती नवी असताना ताठ असते. ती दोन्ही बाजूंना पूर्ण दुमडून वीस-पंचवीस वेळा हलवा. ताठ घडी सर्वोला सतत ढकलत राहते, मग स्टिक सोडल्यावर एलिव्हेटर मध्यावर येत नाही आणि माणूस सर्वोचं सेंटर शोधत बसतो.

आता हॉर्न. त्याची भोकं बाजूने पाहिलं तर बिजागरीच्या रेषेच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली यायला हवीत. छोटा गुण्या लावून तपासा. भोकं मागे किंवा पुढे सरकली की स्टिक दोन्हीकडे सारखी दाबूनही एलिव्हेटर एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी हलतो. एलेरॉनला असा फरक मुद्दाम ठेवतात, वर जास्त आणि खाली कमी, पण दोन सर्वो असतील तर तो ट्रान्समीटरमधून देणं सोपं आणि नेमकं. एलिव्हेटरला तो नकोच.

हॉर्न एलिव्हेटरच्या वर लावायचा की खाली, याचा फारसा विचार होत नाही, आणि तो व्हायला हवा. हॉर्न खाली असेल तर एलिव्हेटर वर नेण्यासाठी तार मागे ढकलावी लागते. विमान सूर मारून खाली येतंय, वेग वाढलाय, नाक उचलायचंय, म्हणजे एलिव्हेटरवर सगळ्यात जास्त जोर लागणार. नेमका त्याच क्षणी तारेवर दाब येतो. तार बारीक असेल किंवा मधे आधार नसेल तर ती धनुष्यासारखी वाकते; सर्वो पूर्ण फिरतो आणि एलिव्हेटर जेमतेम निम्मा उठतो. हॉर्न वर लावला तर एलिव्हेटर वर नेताना तार ओढली जाते, आणि ओढलेली तार वाकत नाही. रचना परवानगी देत असेल तर एलिव्हेटरचा हॉर्न वरच लावा. खालीच लावावा लागला तर तारेला आधार दुप्पट द्या.

बाल्सावर हॉर्न लावताना स्क्रू पिळला की लाकूड चेपतं आणि काही उड्डाणांनी हॉर्न डुलायला लागतो. स्क्रूची भोकं पाडून झाली की प्रत्येकात पातळ सीएचा एक थेंब सोडा. बाल्सा तो शोषून घेतो आणि भोकाभोवतीचं लाकूड कडक होतं. वाळल्यावर भोक पुन्हा मोकळं करून मगच हॉर्न आणि मागची पट्टी लावा. विमान थर्मोकोलचं असेल तर साधा सीए किंवा फेविक्विक लावू नका, थर्मोकोल विरघळून खड्डा पडतो. तिथे अरल्डाइटसारखं एपॉक्सी किंवा कमी तापमानाची ग्लू गन. ईपीपी फोमला मात्र सीए चालतो.

तार हॉर्नच्या कुठल्या भोकात घालायची? ट्रान्समीटरची पूर्ण हालचाल वापरून हवा तेवढाच कोन मिळेल, अशा भोकात. हिशोब सोपा आहे. एलिव्हेटरचा कोन काढायचा असेल तर आर्मची लांबी भागिले हॉर्नची लांबी, गुणिले सर्वोच्या कोनाची साइन. आलेल्या आकड्याची उलटी साइन म्हणजे कोन. बहुतेक सर्वो पूर्ण स्टिकला मध्यापासून एका बाजूला साधारण ४५ अंश फिरतात. आर्म ७ मिमी आणि हॉर्न १९ मिमी घेतला तर एलिव्हेटर १५ अंश हलतो. एलिव्हेटरची रुंदी ४० मिमी असेल तर मागची कड वर १० आणि खाली १० मिमी जाते. शिकाऊ विमानाला एवढं पुष्कळ झालं. रडरला आर्म ९ आणि हॉर्न १५ मिमी धरला तर २५ अंश मिळतात. लांबी वर्नियरने मोजा: आर्मची शाफ्टच्या मध्यापासून, हॉर्नची बिजागरीच्या रेषेपासून.

आर्म लांब, हॉर्न आखूड ठेवून ट्रान्समीटरमध्ये हालचाल ४० टक्क्यांवर आणायची पद्धत सर्रास दिसते. त्यात तोटा कसा होतो ते आकड्यांत पाहा. भोकात तारेला ०.२ मिमी खेळ आहे असं धरा. हॉर्न ८ मिमी असेल तर एलिव्हेटर जवळपास १.४ अंश इकडेतिकडे डुलतो. हॉर्न १९ मिमी असेल तर तोच खेळ ०.६ अंशावर येतो. शिवाय जोरही बदलतो. १.८ किलो-सेंमीचा सर्वो ७ आणि १९ मिमीच्या जोडीने एलिव्हेटरला पावणेपाच किलो-सेंमीच्या वर जोर देतो. आखूड आर्म आणि लांब हॉर्न हे त्या छोट्या सर्वोला मिळालेलं फुकटचं गिअर आहे.

तार: जाडी, आधार, हवामान

एवढ्या विमानाला १ ते १.५ मिमीची पियानो वायर वापरतात. सरळ, ताठ आणि स्प्रिंगसारखी असते. गुंडाळीतून काढलेली वाकडी तार हाताने सरळ करत बसू नका, लांबीत मिळणारी तारच घ्या. सायकलच्या दुकानातला १४ गेजचा स्पोक २ मिमीचा असतो. ताठपणा उत्तम, पण लांबी अपुरी पडते आणि त्याचे आटे एम-२ क्लेव्हिसच्या (तारेच्या टोकावर फिरवून बसवायच्या, हॉर्नला अडकणाऱ्या चिमट्याच्या) आट्यांपेक्षा जाड असतात. जबरदस्तीने फिरवलं तर क्लेव्हिस आतून चिरते आणि ते बाहेरून दिसत नाही. स्पोक वापरायचा तर त्या आट्यांत बसणारी क्लेव्हिस शोधा, नाहीतर आट्यांचं टोक कापून टाका.

तारेवर दाब आला की ती कधी वाकेल हे तिची जाडी आणि दोन आधारांमधलं अंतर ठरवतं. अंतर निम्मं केलं की तार चौपट दाब सोसते. जाडी १ वरून दीड मिमी केली की पाचपट. १ मिमीच्या स्टीलच्या तारेचा कागदावरचा हिशोब असा येतो: आधारांमध्ये ३०० मिमी अंतर असेल तर जेमतेम ११० ग्रॅम दाबाला ती वाकते, १५० मिमीला साधारण ४४० ग्रॅम, १०० मिमीला जवळपास एक किलो. ७ मिमीच्या आर्मवर सर्वो अडीच किलोपर्यंत ढकलू शकतो. म्हणजे आधार नसलेली तार सर्वोच्या तुलनेत किती दुबळी आहे ते लक्षात येतं. १ मिमीच्या तारेला दर १० सेंमीवर आधार द्या, दीड मिमीच्या तारेला १५ सेंमीवर.

आधार म्हणजे नळी. त्यासाठी वेगळं काही विकत आणायची गरज नाही. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलमध्ये १ मिमीची तार छान सरकते. रिफिलचं निब कापून टाका, आत स्पिरिट सोडून शाई पूर्ण धुऊन काढा आणि एक दिवस वाळू द्या. थोडी जरी शाई राहिली तर ती घट्ट होऊन तार चिकटते, आणि ते कळतं थेट मैदानावर. धुतलेल्या नळीचे तीन-चार सेंमीचे तुकडे करा, तारेत ओवा, आणि फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) प्रत्येक आडव्या फळीला एपॉक्सीने चिकटवा. चिकटवताना तार आत असू द्या आणि एपॉक्सी घट्ट होईपर्यंत तार पुढे-मागे हलवत राहा. सगळे तुकडे आपोआप एका रेषेत येतात. नळीच्या तोंडाशी एपॉक्सीचा कण गेला तर तार जन्माची अडकते, म्हणून तोंडापासून ३-४ मिमी जागा कोरडी सोडा.

फ्यूजलाजमधून बाहेर पडताना तारेला शक्यतो वळण नको. एलिव्हेटर आणि रडरच्या तारा आत एकमेकींना ओलांडून नेल्या, डाव्या सर्वोची तार उजवीकडून बाहेर आणि उजव्याची डावीकडून, तर बाहेर पडायचा कोन सपाट होतो आणि तारा जवळजवळ सरळ राहतात. बाहेर पडायची खाच १२-१५ मिमी लांब ठेवा, कारण तार पुढे-मागे जाताना थोडी आडवीही हलते.

नायलॉनच्या आतल्या-बाहेरच्या नळ्यांचे पुशरॉडही (तारेऐवजी वापरायचे दांडे) मिळतात. वळणावरून न्यायला ते सोयीचे, पण पुण्याच्या हिवाळ्यात त्यांचा एक दोष ठळक होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २८-३० अंश ही इथली नेहमीची हवा. १८ अंशांच्या फरकाला ६०० मिमीचा नायलॉनचा रॉड पाऊण मिलिमीटरहून जास्त लांबतो. फ्यूजलाजचं लाकूड तेवढं वाढत नाही. १४ मिमीच्या हॉर्नवर त्याचा परिणाम साडेतीन अंशांचा होतो. सकाळी सात वाजता बसवलेली ट्रिम अकरा वाजता चुकलेली असते ती यामुळे. तेवढ्याच लांबीची स्टीलची तार जेमतेम ०.१३ मिमी वाढते. पावसाळ्यात नायलॉन दमट हवेतली ओल शोषूनही फुगतं. एलिव्हेटरला म्हणून स्टीलची तार, रडरला नायलॉन चालेल. स्टीलला मात्र पावसाळ्यात गंज चढतो. जून ते सप्टेंबर विमान कपाटावर पडून असेल तर तारेवर मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवून ठेवा आणि उडवण्याआधी तार नळीत मोकळी सरकते का ते पाहा. तेल बाल्सावर किंवा फोमवर सांडू देऊ नका, पुढे तिथे गोंद धरत नाही.

सर्वो निवडणं आणि बसवणं

पुण्याच्या तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत एसजी-९० सर्वो सहज मिळतो, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो डब्यांनी खपतो. पण एकाच डब्यातले दोन सर्वो सारखे निघतीलच असं नाही. म्हणून चार हवे असतील तर सहा घ्या आणि चाचणी करूनच विमानात घाला.

चाचणी अशी. सर्वो फळीवर पक्का बसवा. आर्मवर खराट्याची एक सरळ काडी अशी चिकटवा, की तिचं टोक शाफ्टच्या मध्यापासून बरोबर १०० मिमीवर येईल. टोकाखाली कागद ठेवा. सर्वो टेस्टरने (सर्वोला सिग्नल देणाऱ्या छोट्या यंत्राने) सर्वो मध्यावर आणा, म्हणजे १५०० मायक्रोसेकंदांच्या सिग्नलवर, आणि टोकाजवळ पेन्सिलने खूण करा. आता पूर्ण डावीकडे नेऊन परत मध्यावर आणा, खूण करा. पूर्ण उजवीकडे नेऊन परत आणा, पुन्हा खूण. टोकाचा १ मिमी म्हणजे ०.५७ अंश. तिन्ही खुणा दीड मिलिमीटरच्या आत पडल्या तर सर्वो एलिव्हेटरला घ्या. तीन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर रडरला. त्याहून जास्त असेल तर तो सर्वो विमानात नकोच, बॅटरीच्या झाकणाची खटपट वगैरे करायला ठेवा. चाचणी चालू असताना कानही उघडे ठेवा. मधेच आवाज बदलत असेल, करकर ऐकू येत असेल, तर गिअरच्या एखाद्या दातात प्लास्टिकचा कण राहिलाय.

लाकडी विमानात सर्वोच्या खाचेत बॉडीभोवती सगळीकडून १ मिमी जागा हवी. सर्वोची बॉडी लाकडाला टेकली तर मोटरची सगळी थरथर आत जाते. वायर ज्या बाजूने बाहेर येते तिथे अजून २-३ मिमी जास्त, नाहीतर वायर दबून काही दिवसांनी मुळाशी तुटते. मोठ्या सर्वोंबरोबर रबराचे ग्रोमेट (स्क्रूभोवती बसणाऱ्या कड्या) आणि पितळेच्या छोट्या नळ्या येतात. नळीला एका टोकाला कॉलर असते. ती कॉलर लाकडाकडे, म्हणजे ग्रोमेटच्या खालून घालायची, आणि स्क्रू वरून. उलट घातली तर स्क्रू पिळताना नळी लाकडात रुतते, ग्रोमेट चेपतो आणि रबर असूनही नसल्यासारखं होतं. ही चूक इतकी नेहमीची आहे, की जुनं विमान हातात आलं की मी आधी तेच तपासायला सांगेन.

स्क्रूची भोकं स्क्रूच्या गाभ्याइतकीच पाडा. छोट्या सर्वोच्या स्क्रूला १ मिमीचं ड्रिल पुरतं. स्क्रू एकदा पिळून काढा, भोकात पातळ सीएचा थेंब सोडा, पूर्ण वाळू द्या आणि मग सर्वो ठेवून परत पिळा. आटे कडक होतात आणि सर्वो कितीही वेळा काढला तरी भोक मोठं होत नाही. सीए ओला असताना सर्वो ठेवायची घाई करू नका. तो सर्वोच्या आत झिरपला तर सर्वो गेला.

फोमच्या विमानात सर्वो चिकटवावा लागतो. आधी सर्वोभोवती कागदी मास्किंग टेपचे दोन फेरे घ्या, गोंद टेपवर लावा. पुढे सर्वो बदलायचा झाला तर टेप कापून तो अख्खा निघतो. ग्लू गनचा गोंद झटपट धरतो, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत विमान ठेवलं तर तोच गोंद मऊ पडतो आणि सर्वो एखादा मिलिमीटर सरकतो. बाहेरून काही दिसत नाही, ट्रिम मात्र बदललेली असते. उन्हाळ्यात उडवणार असाल तर सर्वोच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूच्या कानांना प्लायचे तुकडे फोममध्ये एपॉक्सीने बसवा आणि त्यांत स्क्रू मारा.

सेंटर आणि आर्म

आर्म लावण्याआधी ट्रान्समीटर सुरू, ट्रिम मध्यावर, सब-ट्रिम (ट्रान्समीटरच्या मेनूतून सर्वोचा मध्य सरकवायची सेटिंग) शून्य. मोटरच्या वायरी सोडवून ठेवा किंवा प्रोपेलर काढून ठेवा. हा नियम कुठल्याही घाईत मोडू नये. सर्वोला वीज द्या, तो मध्यावर येईल. आता तार जिथून जाणार आहे त्या रेषेला आर्म बरोबर काटकोनात बसायला हवा.

बहुतेक वेळा तो बसत नाही. एक दात इकडे किंवा एक दात तिकडे, मधे जागाच नाही. शाफ्टवर २५ दात असतील, फुटाबाच्या सर्वोवर असतात तसे, तर एक दात म्हणजे १४.४ अंश. इथे चार हातांचा क्रॉस आर्म कामाला येतो. २५ ला ४ ने भाग जात नाही, म्हणून क्रॉस ९० अंश फिरवून लावला की प्रत्येक हात पाव दाताने, म्हणजे ३.६ अंशांनी, वेगळ्या जागी येतो. चारही हात एकेक करून तारेच्या रेषेला लावून पाहा. एक नक्की काटकोनाच्या अगदी जवळ येतो. त्यावर खूण करा, उरलेले तीन कापून टाका. २१ किंवा २३ दातांवरही हे जमतं. हायटेकच्या २४ दातांवर जमत नाही, कारण २४ ला ४ ने नि:शेष भाग जातो. तिथे उरलेला थोडासा फरक सब-ट्रिमने काढा. सब-ट्रिम दहा-पंधरा टक्क्यांच्या वर द्यावी लागली तर आर्म एक दात चुकलाय असं समजा.

झेड-बेंड नेहमी आर्मच्या टोकाला करा, आणि लांबी कमी-जास्त करायची क्लेव्हिस हॉर्नच्या टोकाला ठेवा. झेड-बेंडची खास पक्कड मिळते, पण १ मिमीच्या तारेला साधी नोकदार पक्कडही पुरते. टोकापासून ८ मिमीवर तार काटकोनात वाकवा, मग पुढे अडीच ते तीन मिमी सोडून उलट दिशेने काटकोन. मधला तुकडा आर्मच्या जाडीपेक्षा किंचित मोठा असावा. कमी पडला तर तार आर्मला चिमटा घेते आणि सर्वो विसाव्यालाही घुरघुरत राहतो. जास्त झाला तर तार आडवी खेळते. वाकवलेली तार पुन्हा सरळ करून वापरू नका. पियानो वायर दुसऱ्यांदा वाकवली की आतून तडकते. आणि तापवूनही वाकवू नका, लाल झाली की तिचा स्प्रिंगसारखा गुण गेला.

आर्मची भोकं बहुतेक वेळा तारेपेक्षा बारीक असतात. १ मिमीच्या तारेला १ मिमीचं ड्रिल, हाताने, पिन व्हाइसमध्ये (ड्रिल धरायच्या छोट्या मुठीत) धरून. मशीनने पाडलेलं भोक मोठं होतं आणि मग वर सांगितलेला ०.२ मिमीचा खेळ आपणच तयार करतो. आर्म शाफ्टवरून काढा, तारेत ओवा आणि मग शाफ्टवर बसवा. आर्मचा मधला स्क्रू लगेच लावा. नंतर लावू म्हणून राहिलेला हा स्क्रू हवेत आठवून उपयोग नसतो. प्लास्टिकच्या आर्मवर थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) घालू नका, त्याने प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. थ्रेडलॉकर फक्त धातूला धातू असेल तिथे.

क्लेव्हिस तारेच्या आट्यांवर किमान ५-६ मिमी आत गेली पाहिजे. एलिव्हेटर टेपने बरोबर मध्यावर धरा, क्लेव्हिस फिरवत फिरवत तिची पिन हॉर्नच्या भोकात आपोआप उतरेल तिथे थांबा. दाबून उतरवावी लागली तर अर्धा फेरा चुकलाय. मग क्लेव्हिसवर रबराची कडी सरकवा, म्हणजे तिचे दोन पाय उघडणार नाहीत. सिलिकॉनच्या फ्यूएल ट्यूबचा ४ मिमीचा तुकडा सगळ्यात चांगला. नसेल तर सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब चालते, फक्त ती उन्हाने भेगाळते, म्हणून दर मोसमात बदला.

स्क्रूने तार धरणारे छोटे कनेक्टर वापरायचे तर एलेरॉनला किंवा रडरला वापरा. तारेवर जिथे स्क्रू टेकतो तिथे कानशीने अगदी थोडा सपाट भाग करा, नाहीतर स्क्रू गोल तारेवरून घसरतो. एलिव्हेटरला मला ते पटत नाहीत. बाकी कुठलीही तार सुटली तरी विमान उतरवता येतं, एलिव्हेटर सुटला की फार काही हातात उरत नाही.

वीज

सर्वोला साधारण ५ व्होल्ट ईएससीमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधल्या) बीईसीतून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागातून, मिळतात. वायरचे रंग लक्षात ठेवा: तपकिरी किंवा काळी निगेटिव्ह, लाल पॉझिटिव्ह, नारिंगी किंवा पांढरी सिग्नल. विमानातल्या रिसीव्हरमध्ये (ट्रान्समीटरचा सिग्नल घेणाऱ्या डबीत) उलट लावली तर बहुतेक वेळा काही जळत नाही, कारण लाल मधेच असते. सर्वो फक्त हलत नाही. तरी रिसीव्हरवरच्या खुणा पाहूनच लावा.

मोकळा एसजी-९० जेमतेम दहा-पंधरा मिलिअँपिअर घेतो. तोच अडकला तर अर्धा ते पाऊण अँपिअर ओढतो. चारही अडकले तर तीन अँपिअरच्या आसपास, आणि छोट्या ईएससीचा बीईसी बरेचदा दोनच अँपिअरचा असतो. व्होल्टेज खाली बसतं, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि विमान तेवढा वेळ कुणाचंच नसतं. म्हणून बॅटरीच्या वायरीत मधे जोडलेला मल्टिमीटर हे या कामातलं खरं हत्यार आहे. मोटर सोडवून, स्टिक मध्यावर ठेवून करंट मोजा. मग एकेक स्टिक पूर्ण टोकाला नेऊन तिथे धरा. टोकाला करंट वाढून तसाच राहिला तर सर्वो कशाला तरी टेकून ढकलतोय: तार खाचेला लागत असेल, आर्म फ्यूजलाजला घासत असेल, किंवा फोमची घडी संपली असेल. ती जागा मोकळी करा किंवा हालचाल कमी करा. कुठल्या सर्वोचा दोष आहे ते शोधायला त्याची क्लेव्हिस सोडा. करंट उतरला तर दोष जोडणीत, नाही उतरला तर सर्वोत.

रिसीव्हरची अँटेना स्टीलच्या आणि कार्बनच्या रॉडपासून दूर ठेवा. कार्बन २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडवतो, तेव्हा कार्बनच्या पुशरॉडला समांतर अँटेना बांधणं टाळा.

मैदानावर

दिशा तपासताना विमानाच्या मागे उभं राहा, समोरून तपासलं की डावं-उजवं गोंधळतं. स्टिक ज्या बाजूला, त्या बाजूचा एलेरॉन वर. एलिव्हेटरची स्टिक आपल्याकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडरची स्टिक उजवीकडे, रडरची मागची कड उजवीकडे. उलट असेल तर ट्रान्समीटरमध्ये रिव्हर्स करा. पंख काढून-घालून विमान नेत असाल तर ही तपासणी प्रत्येक वेळी करा. दोन एलेरॉनच्या वायरी अदलाबदल होणं ही एका सेकंदाची चूक आहे.

मग एलिव्हेटरची मागची कड दोन बोटांत धरून हलकेच वर-खाली करा, सर्वो चालू असताना. आर्म हलण्याआधी कड किती हलते ते पाहा. ४० मिमी रुंदीच्या एलिव्हेटरला अर्धा मिलिमीटर ठीक, १ मिमी झाला की उडवायच्या आधी शोध घ्या. भोक झिजलंय की झेड-बेंड ढिला झालाय, ते जवळ डोळा नेऊन पाहिलं की लगेच दिसतं. भोक झिजलं असेल तर पुढचं भोक घ्या किंवा हॉर्न बदला, त्यात गोंद भरून काम चालवू नका.

विमान जोरात आपटून उतरलं, एलेरॉन गवताला लागला, तर सर्वोचं प्लास्टिक गिअर तपासल्याशिवाय परत उडवू नका. वीज बंद करून आर्म हाताने अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. सगळीकडे सारखा विरोध जाणवला पाहिजे. मधेच एका ठिकाणी आर्म टक् करून पुढे सुटला तर तिथला दात गेलाय. तो बरेचदा मध्याजवळचाच असतो, कारण विमान जमिनीला लागतं तेव्हा स्टिक मध्याच्या आसपासच असते. ९ ग्रॅमच्या सर्वोचे सुटे गिअर मिळतात, धातूच्या गिअरचे एमजी-९० जातीचे सर्वोही मिळतात, वजन चारेक ग्रॅम जास्त. गिअर बदललं की सर्वो थेट विमानात घालू नका. खराट्याची काडी लावा, कागद घ्या, आणि तिन्ही खुणा पुन्हा करा.